टो हुक, डी रिंग का टो बॉल? रुतलेली गाडी नेमकी कुठं बांधून ओढायची

वसनाकाठ (कोरेगाव, सातारा)

राम राम मंडळी. सेकंड हँड थार घेतली आहे, डिझेल, फोर बाय फोर. शेत डांबरी रस्त्यापासून बरंच आत आहे आणि शेवटचा पट्टा सगळा काळ्या मातीचा, पाऊस लागला की ट्रॅक्टरशिवाय तिकडं कोण जात नाही, म्हणून मुद्दाम फोर बाय फोर बघितली. अजून गाडी रुतलेली नाही पण जुलैत कधीतरी रुतणार हे दिसतंयच, म्हणून आधीच विचारून ठेवतोय.

विचारायचं कारण सांगतो. शेजारच्या रानात आल्याची पोती भरलेली पिकअप फसली होती. ट्रॅक्टर आला, साखळी आली, साखळीचा हुक पिकअपच्या मागच्या बंपरच्या ब्रॅकेटात अडकवला आणि ट्रॅक्टरवाल्यानं ढिल्या साखळीवर एकदम झटका दिला. ब्रॅकेट उपटून साखळीसकट उडालं आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डला लागलं, सीटवर बसलेल्या पोराच्या कोपरापासून वीतभर अंतर असेल नसेल. कुणाला लागलं नाही हे नशीब. नंतर ते ब्रॅकेट हातात घेऊन बघितलं, बोल्टाची भोकं फाटून लांबट झालेली आणि मडगार्डाचा पत्रा मुठीएवढा आत गेलेला. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

आता माझ्या गाडीला पुढं जुन्या मालकानं बाहेरून बसवलेला लोखंडी बंपर आहे, त्यावर लाल रंगाच्या दोन डी रिंगा. खाली वाकून बघितलं तर चेसिसच्या बाजूला बारीक सळईची बंद कडी पण दिसतात. मागं टो बॉल (ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) आहे. यातलं ओढायला काय वापरायचं? आणि एका दुकानदारानं ५ टनी म्हणून पट्टा दिलाय, पिवळा, दोन्ही टोकाला लोखंडी हुक, तो चालेल का? नसेल तर नेमकं काय काय घ्यावं, उगाच सगळं दुकान उचलून आणायचं नाही.

पाटण_घाटवाट

भावा एकदम योग्य वेळी विचारलंस, लोक बहुतेक गाडी फसल्यावर विचारतात आणि तेव्हा जे हाताला लागेल ते बांधतात. पट्टा, शॅकल (पिन लावून बंद करायची लोखंडी कडी), विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) हे सगळं नंतर, आधी गाडीला बांधायचं कुठं ते ठरव, कारण कितीही भारी पट्टा आणलास तरी ज्याला तो बांधला ते निघून आलं तर तुझ्या शेजारी झालं तेच होणार.

सगळ्यात आधी टो बॉल. त्याला ओढायला कधीही पट्टा लावायचा नाही, कोण कितीही म्हणू दे. बॉलवर जे टनेज लिहिलेलं असतंय ते चाकावर फिरणाऱ्या ट्रेलरसाठी, झटक्यासाठी नाही. झटका बसला की बॉल मानेत तुटतो आणि मग ताणलेल्या पट्ट्याच्या टोकाला भरीव लोखंडी गोळा असतोय आणि तो थेट दुसऱ्या गाडीच्या काचेकडं जातोय. ऑस्ट्रेलियात असं होऊन गाडीत बसलेली माणसं गेली आहेत, तिकडं म्हणूनच यावर एवढं बोललं जातं.

दुसरं ती बारीक कडी. ती बहुतेक गाडी ट्रकवर किंवा जहाजात चढवली की खाली आवळून बांधायची असतात. चार कोपऱ्याला थोडा थोडा ताण, तोही खालच्या दिशेला. चिखलातून समोर ओढायचा जोर त्यांच्यासाठी नसतोय. काही गाड्यांना कंपनीचा खरा टो हुक असतो पण तोही बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढत न्यायला, ताणणाऱ्या दोरानं झटका द्यायला नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात कुठलं कशासाठी ते चित्रासकट असतंय, आधी ते वाच.

तिसरं तुझ्या लाल डी रिंगा. लाल रंग बघून विश्वास ठेवू नको. रिंग ज्या कानाला अडकवली आहे तो कान कुठं जातोय ते बघ. जाड प्लेटचा कान बंपरमधून आरपार जाऊन मागं चेसिसच्या ब्रॅकेटाला मिळत असेल आणि तिथं दणकट बोल्ट असतील तर बोलण्यासारखं आहे. कान नुसता बंपरच्या पत्र्यावर बाहेरून वेल्ड केला असेल तर ती शोभेची वस्तू आहे, ओढायची नाही.

आणि जोर किती लागतोय याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. फौजेतले रिकव्हरीवाले (फसलेल्या गाड्या काढणारे) ढोबळ हिशेब असा धरतात की गाडी हबपर्यंत (चाकाच्या मध्यापर्यंत) रुतली तर गाडीच्या वजनाइतका जोर, टायर पूर्ण झाकून चिखल मडगार्डाला लागला तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेला तर तिप्पट. तुझी गाडी माल आणि माणसं धरून दोन-सव्वादोन टन पकड. म्हणजे मडगार्डापर्यंत गेली तर साडेचार टन. हे त्या बारीक कड्याला कसं झेपणार? आणि हेच उलटं बघ, खोऱ्यानं चाकापुढचा आणि पोटाखालचा चिखल काढला की तेवढा जोर कमी. म्हणून माझ्या मते पहिलं रिकव्हरी गिअर म्हणजे खोरं.

ऊसवाला_वाळवा

पाटणवाल्या दादांनी सांगितलंय ते बरोबरच आहे, मी ट्रॅक्टरच्या बाजूचं सांगतो, कारण आपल्याकडं गाडी काढायला दुसरी फोर बाय फोर येत नाही, ट्रॅक्टरच येतो. उसाच्या हंगामात तर हाक मारली की दोन येतात.

साखळी आणि वायर रोप ताणत नाहीत. ढिली ठेवून झटका दिला की सगळा धक्का एका क्षणात हुकावर आणि ब्रॅकेटावर येतोय, तुमच्या शेजारी तेच झालं. ट्रॅक्टरला झटका द्यायची गरजच नसते मर्दा, त्याच्याकडं वजन आहे आणि लो गिअर आहे. लांब, न ताणणारा पट्टा लावायचा, आधी हळू पुढं येऊन सगळा ढिलेपणा काढायचा, पट्टा ताठ झाला की मग सर्वात खालच्या गिअरमध्ये एकसारखं ओढायचं. रुतलेल्या गाडीवाल्यानं पण फोर लोमध्ये (चारी चाकांना जोर देणाऱ्या खालच्या गिअरमध्ये) हळूच साथ द्यायची, चाकं गरागरा फिरवायची नाहीत, फिरवली की अजून खड्डा.

ट्रॅक्टरला बांधायचं ते खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्यालाच). टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या वर कुठंही बांधलं तर गाडी हलत नाही पण ट्रॅक्टरचं नाक उचलतं आणि ट्रॅक्टर मागं ड्रायव्हरच्या अंगावर पलटतो. हे इतकं पटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरवाला ओळखीचा असो नसो, त्यानं वर बांधलं तर तिथंच थांबवायचं, मान ठेवून सांगायचं पण थांबवायचं.

अजून एक, गाडी फसली की सगळी आळी बघायला जमते, पोरं तर पट्ट्याच्या शेजारीच उभी राहतात. पट्टा जेवढा लांब त्याच्या दीडपट लांब सगळ्यांना उभं करायचं. ९ मीटरचा पट्टा असला तर साडेतेरा मीटर, आणि ट्रॅक्टर-गाडीच्या सरळ रेषेत तर अजिबात नाही. एक माणूस फक्त या कामाला ठेवायचा. दोन्ही ड्रायव्हरला इशारा पण त्याचाच, बाकी कुणी "ओढ ओढ" म्हणून ओरडायचं नाही.

वसनाकाठ

दादा खूप आभार, टॉप लिंकचं माहीतच नव्हतं, आमच्याकडं सर्रास वर बांधतात. रविवारी गाडी वॉशिंगला नेऊन खालून धुतो आणि बंपरच्या मागं काय आहे ते बघतो. पट्ट्याचं कुणी सांगा की, तो हुकवाला ठेवू का परत करू?

मिरज_वर्कशॉप

परत करा, किंवा ठेवायचा तर गाडीवर सामान बांधायला ठेवा. त्यावर ५ टन लिहिलंय ते तुटायचं वजन आहे का रोज वापरायचं सुरक्षित वजन आहे हे छापलेलं आहे का बघा, नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. वर टोकाला हुक आहेत, पट्टा जरा ढिला झाला की हुक निसटतो आणि ताणात निसटला तर दगडासारखा येतो. ओढायच्या पट्ट्याच्या टोकाला शिवलेला फास पाहिजे, लोखंड नको.

मी या धंद्यात आहे म्हणून बंपरबद्दल सांगतो. आमच्याकडं दर पावसाळ्यात कुणीतरी येतं की चेसिसला एक हुक वेल्ड करून द्या. मी करत नाही. चेसिसला वाटेल तिथं वेल्डिंग केलं की त्या भोवतीचं लोखंड उष्णतेनं बदलतं, वेल्ड वरून चांगला दिसतो आणि चीर शेजारून जाते. कंपनीनं चेसिसमध्ये जी भोकं दिलेली आहेत त्याला बोल्टनं बसणारा, तुमच्याच मॉडेलसाठी केलेला आणि रेटिंग (किती ताण झेपतो तो आकडा) कोरलेला ओढायचा पॉइंट मिळतो, तोच घ्यायचा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा उठवलेला असतो, ते बघूनच लावायचे. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट काढून टाकायचा, मग तो कितीही जाड असू दे. आणि पॉइंट एकट्या बाजूला लावू नका, दोन्ही बाजूला लावा आणि दोन्हीला मिळून ब्रायडल (दोन पॉइंटना व्ही आकारात जोडणारा पट्टा) लावा म्हणजे चेसिस एका अंगाला ओढला जात नाही. ब्रायडल मात्र लांब घ्या. दोन पायातला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक बाजूवर साधारण ५८ टक्के ताण येतो, ९० ला ७१ टक्के, आणि आखूड ब्रायडल लावून कोन १२० झाला तर दोन्ही बाजूला पूर्ण शंभर शंभर टक्के. म्हणजे वाटणी करायला लावला आणि वाटणी झालीच नाही.

तो लोखंडी बंपर पण एकदा विचारात घ्या. बाहेरून लावलेल्या क्रॅश गार्ड, बुल बारवर केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरात कारवाई करा म्हणून राज्यांना पत्र पाठवलेलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. एअरबॅगच्या गाडीत पुढं जास्तीचं लोखंड आलं की धडकेचा हिशेब बदलतो, हे मला दंडापेक्षा मोठं वाटतं.

पाटण_घाटवाट

मिरजकर काकांनी ब्रायडलचं लय भारी सांगितलं. आता सामानाचं बोलू.

पट्टे दोन जातीचे, ही गल्लत करू नको. एक पॉलिस्टरचा, ताणत नाही, तो ट्रॅक्टरनं एकसारखं ओढायला किंवा झाडाला गुंडाळायला. दुसरा नायलॉनचा स्नॅच स्ट्रॅप किंवा कायनेटिक रोप, तो ताणतो, स्ट्रॅप साधारण २० टक्के आणि रोप ३० टक्क्यांपर्यंत. ओढायला ट्रॅक्टर नसून दुसरी हलकी गाडी आली असेल तेव्हा हा कामाचा. ओढणारी गाडी थोडी पुढं जाते, दोर ताणून जोर साठवतो आणि रुतलेली गाडी अलगद उचलल्यासारखी बाहेर येते. ताणणारा दोर साखळीच्या झटक्यापेक्षा कितीतरी सौम्य, पण साठलेला जोर भरपूर असतोय, म्हणून पॉइंट पक्का नसेल तर हा दोर साखळीपेक्षा वाईट. तुझ्या गाडीला पक्का पॉइंट होईपर्यंत कायनेटिक रोपला हात लावू नको.

ताकद किती घ्यायची? दोन्ही गाड्यातली जी हलकी, तिच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट तुटायची ताकद. सव्वादोन टनाला म्हणजे साडेचार ते पावणेसात टन. लोक म्हणतात जितका जाड तितका चांगला, नाही, फार जाड घेतला तर हलक्या गाडीनं तो ताणतच नाही आणि मग साखळीसारखाच वागतो. मध्ये साधारण दोन मीटर ढील ठेवायची, लो रेंजमध्ये हळू निघायचं, लांबून पळत येऊन झटका मारायचा नाही. एकदोनदा नाही निघाली तर परत खणायचं. सारखं ओढून नायलॉन गरम होतं, त्याला आराम पाहिजे. घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळव, आतली माती शिलाई कापते. कुठं चीर दिसली तर रिटायर.

दोन पट्टे जोडायचे तर मध्ये शॅकल घालायचं नाही, कधीच नाही. पट्टा तुटला तर मधलं शॅकल गोळीसारखं येतंय, ४.७५ टनी शॅकल किलोच्या वर भरतं. फासातून फास काढायचा आणि मध्ये गुंडाळलेलं वर्तमानपत्र घालायचं म्हणजे नंतर गाठ सुटते.

शॅकल घेताना ते बो शॅकल घे, अंगावर डब्ल्यूएलएल (म्हणजे वापरायचं सुरक्षित वजन) आणि टनाचा आकडा कोरलेला पाहिजे, ३.२५ किंवा ४.७५. हार्डवेअरच्या दुकानात चकाचक मिळतात त्यावर काही नसतंय, ते गोठ्यातली साखळी जोडायला ठीक. पिन हातानं पूर्ण आवळून पाव आटा मागं घ्यायचा, नाहीतर ताण बसल्यावर पिन जाम होते. मी स्वतः आता जास्त करून सॉफ्ट शॅकल वापरतो, दोराचं असतंय, हलकं, तुटलं तरी लोखंड उडत नाही. पण धारदार कडेवर ते कापतं, म्हणून पॉइंटची कड गोल आहे का हात फिरवून बघायची.

पट्ट्याच्या मधोमध काहीतरी वजन टाकायचं, डॅम्पर नसला तर ओलं गोणपाट पण चालतं. बॉनेट वर केलं तर काचेला थोडा आडोसा होतो, पण मग समोरचं दिसत नाही, म्हणून ते विंच करताना. गाडीत फक्त ड्रायव्हर, बाकी सगळे बाहेर आणि लांब.

कासपठारी

वर झाडाचा उल्लेख आला म्हणून. विंच असो नाहीतर हाताची पुली, झाडाला वायर रोप किंवा साखळी डायरेक्ट गुंडाळू नका. साल गोल कापली गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं. रुंद पॉलिस्टर पट्टा, आणि तो बुडख्याला अगदी खाली. चिंच, कडुलिंब, जुनी बाभूळ असली तर बरं. शेवग्याला बांधायचं मनातही आणू नका, ठिसूळ असतो. विजेच्या खांबाला आणि त्याच्या ताणाच्या तारेला तर अजिबात नाही, हे लिहायला लागतंय कारण मी बघितलंय. माळावर झाडच नसेल तर स्टेपनी खोल पुरून तिला पट्टा बांधता येतो, खणायला घाम निघतो पण धरते.

विंचवाल्यांसाठी एवढंच की विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, वर थर चढले की ओढ कमी होते. स्नॅच ब्लॉक (दोर वळवून घ्यायची पुली) लावला की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

आणि कृपा करून हे सगळं शेताच्या वाटेसाठी, अडचणीसाठी. कासच्या सड्यावर गाडी घालून चिखल उडवायला नाही. तो भाग २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथं मातीचा थर बोटभर असतो आणि एका टायरच्या चाकोरीत पुढच्या हंगामात फूल येत नाही. कोयना, चांदोलीचं जंगल तर व्याघ्र प्रकल्पच आहे.

वसनाकाठ

मंडळी बघून आलो. गाडी रॅम्पवर घेतली, धुतली, टॉर्च लावून बघितलं. दोन्ही डी रिंगांचे कान बंपरच्या पत्र्यावर बाहेरून वेल्ड आहेत, आतून मागं काहीच नाही, एका कानाच्या वेल्डला केसाएवढी रेघ पण दिसली. बंपर चेसिसला प्रत्येक बाजूला चार बोल्टांवर आहे आणि बोल्टांची डोकी सगळी कोरी. रिंगा तिथंच काढून टाकल्या, कुणाला वापरायचा मोहच नको. मागं मात्र टो बॉल चौकोनी रिसीव्हरमध्ये (पोकळ चौकोनी नळीत) आहे, आडवी पिन काढली की बॉल बाहेर येतो. त्याचं काही करता येईल का? हुकवाला पट्टा परत दिला.

मिरज_वर्कशॉप

छान केलंत. चौकोनी रिसीव्हर आहे म्हणजे अर्धं काम झालं. बॉल काढायचा आणि त्याच भोकात रिकव्हरी हिच बसवायचा, भरीव ठोकळा असतो, पुढं शॅकल लागतं, वर रेटिंग कोरलेलं. पिन पूर्ण जाडीची पाहिजे, २ इंची रिसीव्हरला १६ मिमीची बसते, आणि शेवटी क्लिप लावायला विसरू नका. काही लोक पट्ट्याचा फास रिसीव्हरमध्ये सारून नुसती पिन घालतात, त्यानं पिन वाकते आणि मग बाहेर निघत नाही.

पुढं मॉडेलचे पॉइंट बसेपर्यंत गाडी मागूनच काढायची. तसंही ज्या वाटेनं आत गेलात ती वाट मळलेली असते, समोर काय आहे माहीत नसतं.

फक्त एक बघायचं राहिलंय, तो रिसीव्हर स्वतः चेसिसला कसा धरलाय. दोन्ही चेसिस रेलला (लांबीच्या दोन मुख्य पट्ट्यांना) बोल्टनं असेल तर ठीक, नुसता मागच्या क्रॉसमेंबरला (आडव्या पट्टीला) किंवा बंपरला असेल तर त्याची पण डी रिंगांसारखीच गत. बोल्टांची डोकी वायर ब्रशनं घासा आणि दोन्ही बाजूचे फोटो इथं टाका, आकडे दिसतील असे, मग सांगतो.